घर आपले, पण कागद कोणाचा?

गेल्या महिन्यात रात्री दहा वाजता एका पोराचा फोन आला. गोंदिया जिल्ह्यातल्याच एका खेड्यातला, तीन वर्षांपूर्वी नोकरीत लागलेला, घराण्यातला पहिला पगारदार माणूस. आवाजात आनंद मावत नव्हता. "जय भीम दादा, प्लॉट घेतला! पंधराशे फूट, शहराला लागूनच." मी विचारले, रजिस्ट्री झाली का? "रजिस्ट्री नंतर करून देतो म्हणाले. आता पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली. साडेचार लाख दिले, दीड लाख राहिले."

मी सातबारा मागितला. त्याच्याकडे नव्हता. गट नंबर मात्र नोटरीच्या कागदावर होता. त्यावरून दुसऱ्या दिवशी उतारा काढला. जमीन शेतीची, धानाची. धारणा प्रकार भोगवटादार वर्ग-२. इतर हक्कात सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण करू नये अशी नोंद. मालक म्हणून तीन नावे, आणि ज्याने पैसे मोजून घेतले त्याचे नाव त्या तिघांत नव्हते.

हा मुलगा अडाणी नाही. एम.ए. आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' त्याने दोनदा वाचले आहे, आरक्षणाचे निकाल तो तारखेसह सांगतो. सातबारा कसा वाचायचा हे मात्र त्याला कोणी शिकवले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही त्याची एकट्याची चूक नाही. आपल्या माणसाच्या पदरी बहुतेक वेळा कच्च्या कागदाचीच जमीन का पडते, हा जातीचा प्रश्न आहे. आणि चळवळीने तो आपला मानलेला नाही.

ज्याच्या बापाकडे, आज्याकडे जमीन होती त्याच्या घरात पेटी असते. त्या पेटीत जुने फेरफार, मोजणीचे नकाशे, वाटणीपत्र. तो पोरगा लहानपणापासून 'बोजा', 'हिस्सा', 'हद्द' हे शब्द जेवताना ऐकतो. आपला भाग तर मालगुजारीचा. तलाव मालगुजाराचा, शेत मालगुजाराचा, आबादीत घर बांधायचे तर मर्जीही त्याचीच. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण जमीन फार थोड्या महारांच्या नावावर आली. आपली माणसे कोतवाली, विणकाम, मजुरी आणि पुढे विडीच्या सुपावर जगली. गावाच्या एका टोकाला मातीच्या भिंती, वर कवेलू, हे घर. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीची घरटॅक्सची पावती. आजही निम्म्या लोकांना वाटते की नमुना ८ वर नाव आहे म्हणजे आपण मालक. तो कर आकारणीचा उतारा आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच त्यावरून कळते.

घर नाकारले जाणे म्हणजे काय हे बाबासाहेबांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९१७ साली अमेरिकेतून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन पारशांच्या सरायत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा केली, दोघांनीही टाळले. कामाठी बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पदवी होती, पगार होता, महाराजांचा हुकूम होता. छप्पर नव्हते.

म्हणूनच जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. पुढे १९४७च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाची कल्पना मांडली. गावात आपले घर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर उभे आहे तोवर आपले मतही मेहेरबानीवरच असणार, हे त्यांनी ओळखले होते. आता यातली दुसरी बाजू पाहा. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या सोडून त्यांनी स्वतःसाठी 'राजगृह' बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. आपल्यातले काही जण अजून वाद घालतात की वस्तीत राहावे की वस्ती सोडावी. बाबासाहेबांनी समाजासाठी स्वतंत्र वसाहत मागितली आणि स्वतः सवर्णांच्या मधोमध ग्रंथांसाठी घर उभे केले. मला यात विसंगती दिसत नाही. कुठे राहायचे हे आपण ठरवू, दुसरा कोणी नाही, एवढाच दोन्हीचा अर्थ. संविधानाच्या कलम १९ मध्ये देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क आहे तो याचसाठी.

पण प्रत्यक्षात आपण ठरवतो का?

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी एका लेआउटमध्ये तयार घर पाहायला गेलो. मंजूर लेआउट, कागद स्वच्छ, बँक कर्ज द्यायला तयार. दलालाला भाव पटला, आम्हाला घर पटले. बयाणा देण्याच्या दिवशी घरमालकाने पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. चहा आला, चहा झाला, आणि चार दिवसांनी निरोप आला की भावाने विकायला नकार दिला. महिनाभरात तेच घर दुसऱ्याला गेले. कोणी शिवी दिली नाही, कोणी जात काढली नाही. काय सिद्ध करणार? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, घेणे, तिच्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा आणणे गुन्हा आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण 'भाऊ नाही म्हणाला' याला कोणते कलम लावायचे? शहरांत तर हे संस्थेच्या नियमातच बसवता येते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध धरला. तिथे दोन बाजू पारशांच्याच होत्या असे कोणी म्हणेल. पण या निकालाने उघडलेल्या दारातून कोण बाहेर राहणार, हे सांगायला वकील लागत नाही.

मग चांगल्या कागदाची दारे अशी हळूच बंद होत गेली की माणूस कुठे जातो? जिथे आडनाव विचारत नाहीत तिथे. आणि आडनाव न विचारणारा विक्रेता बऱ्याचदा तोच असतो ज्याच्याकडे विकण्याचा हक्कच नसतो. त्याला गिऱ्हाईक हवे असते. आपल्याला वाटते, बघा, इथे जातिभेद नाही! गोंदियाच्या आजूबाजूला धानाच्या बांधीत मुरूम टाकून, चुन्याच्या रेघा मारून जे 'प्लॉट' विकले जातात, तिथे आपली किती पोरे रांगेत असतात ते एकदा जाऊन बघा.

म्हणून पैसे देण्याआधी उतारा. घर आवडण्याआधी उतारा. गावात आणि शेतजमिनीवर असेल तर सातबारा, शहरातल्या नगर भूमापन हद्दीत असेल तर आखीव पत्रिका. पहिली गोष्ट, विकणाऱ्याचे नाव मालक म्हणून आहे का, आणि त्याच्यासोबत आणखी कोणाकोणाची नावे आहेत. बहिणींची नावे असतील तर त्यांच्याही सह्या हव्यात. 'बहिणी काही म्हणत नाहीत' हे वाक्य ऐकून घरी परत यायचे. दुसरी गोष्ट, धारणा प्रकार. वर्ग-१ म्हणजे मालकाला विकण्याची मोकळीक. वर्ग-२ म्हणजे सरकारने काही अटींवर दिलेली जमीन, परवानगीशिवाय विकता येत नाही. भूदानातली, भूमिहीनांना वाटलेली जमीन यात येते. यातला कडू भाग असा की दादासाहेब गायकवाडांनी ज्या भूमिहीनांसाठी लाखोंचा सत्याग्रह उभा केला, त्या सत्याग्रहाच्या रेट्यातून वाटलेली जमीनही कधी कधी आपलाच माणूस आपल्याच माणसाला नोटरीवर विकतो. दोघेही अडकतात.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागात आणखी एक गोष्ट तपासायची. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकारी आणि शासनाच्या परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. पळवाटा सांगणारे खूप भेटतील. माझे मत कठोर आहे. परवानगी मिळत असली तरी ही जमीन आपण घेऊ नये. गोंड माणसाच्या अडचणीवर आंबेडकरवाद्याचे घर उभे राहत नाही.

आणि मग झुडपी जंगल. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत काटेरी झुडपांच्या, गुरेचराईच्या जमिनी जुन्या नोंदीत 'झुडपी जंगल' म्हणून लागल्या. त्यावर पुढे शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या झाल्या. आणि वस्त्याही झाल्या. गावठाणात ज्यांना जागा नव्हती ते कुठे बसणार? २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की १९९६च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना मात्र वाचवण्याचा रस्ता ठेवला. राज्याने प्रस्ताव करायचा, केंद्राने मंजुरी द्यायची. त्या तारखेनंतरच्या वाटपाची कारणे शासनाला द्यावी लागणार. याचा आपल्यासाठी साधा अर्थ काय? वस्तीतल्या घराचा पट्टा असेल तर त्यावरची तारीख आजच बघा. आणि कोणी अशी जमीन 'नियमानुकूल होणारच आहे' म्हणून विकत असेल तर हात जोडून उठा.

ज्या जमिनीवर प्लॉट पाडले आहेत तिचे रेखांकन मंजूर आहे का, हा पुढचा प्रश्न. अकृषिक परवानगी आणि तुकडेबंदी यांचे नियम सरकार सारखे बदलते, सवलती जाहीर करते, आणि त्या सवलतीच्या बातमीचे कात्रण दाखवून दलाल प्लॉट विकतो. (तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. शेतीचे तुकडे का पडतात यावर बाबासाहेबांनी १९१८ मध्येच निबंध लिहिला होता. तुकड्यांचा व्यापार असा होईल हे त्यांच्याही मनात आले नसेल.) मंजुरीचा आदेश क्रमांक मागा, तो नगर परिषदेत किंवा तहसीलमध्ये पडताळा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठांपेक्षा जास्त प्लॉटचा नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, तो मोबाइलवर तपासता येतो. आणि अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणे २०१६च्या रेरा कायद्याने मना आहे.

नोटरीबद्दल एकदाच सांगतो. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही. ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही हे पुन्हा ठणकावले. नोटरीचा शिक्का फक्त सांगतो की सही कोणी केली. तुम्ही मालक झालात असे तो कधीच म्हणत नाही.

एवढे झाले की वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल. चार-पाच हजार वाचवण्यासाठी लोक हे टाळतात आणि गृहप्रवेशाच्या मांडवावर पन्नास हजार घालवतात. वास्तुशांती तर आपल्याही घरांत मागच्या दाराने परत आली आहे, फक्त नाव बदलून. असो, त्यावर कधी वेगळे लिहीन.

कर्जाचा हिशेब कोरडा आहे, पण समजून घ्या. बँक पूर्ण किंमत कधीच देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जास्तीत जास्त ९० टक्के, आणि घर दहा लाखांपेक्षा महाग असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरत नाहीत. अठरा लाखांच्या घराला पंधरा लाख कर्ज मिळाले तर तीन लाख आणि वरचा लाख-सव्वा लाख खिशात रोख हवा. हीच रक्कम सवर्ण मुलाला बाप देतो. आपला मुलगा ती फायनान्स कंपनीच्या वैयक्तिक कर्जातून उभी करतो, आणि पहिल्या महिन्यापासून दोन हप्ते भरतो. पंधरा लाख, ९ टक्के, वीस वर्षे: हप्ता सुमारे साडेतेरा हजार, एकूण परतफेड ३२ लाखांच्या वर. तेच दहा वर्षांत फेडले तर हप्ता १९ हजार, परतफेड २३ लाखांच्या आत. म्हणजे घाई करून मोठे कर्ज घेण्यापेक्षा दोन वर्षे थांबून रोख साठवणे आणि मग मुदतीआधी फेडणे फायद्याचे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. हे बँकेतला माणूस आपणहून सांगेल अशी वाट पाहू नका.

रजिस्ट्रीच्या दिवशी दस्तातला गट नंबर, चतुःसीमा आणि क्षेत्रफळ स्वतः वाचा. रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपले असे समजणारेही खूप. फेरफार व्हायचा असतो. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीचे असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पटवाऱ्याकडे ही फेरी झाली नाही तर सातबाऱ्यावर जुनाच मालक राहतो आणि तो तीच जमीन पुन्हा विकू शकतो.

घर कोणाच्या नावावर? तयार घर किंवा सदनिका फक्त बाईच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचे नाव सोबत आले की सूट जाते. अठरा लाखांवर अठरा हजार वाचतात. पण मी पैशासाठी म्हणत नाही. फाटकावर 'रमाई निवास' लिहिणारे आपण कागदावर बाईचे नाव लिहायला का कचरतो? रमाईंनी वीस-बावीस वर्षे चाळीत काढली आणि २७ मे १९३५ ला राजगृहात डोळे मिटले. स्वतःच्या घराचे सुख त्यांना किती थोडे मिळाले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता एक आक्षेप. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला तोंडावर सांगितले, "हे नोकरदारांचे चोचले आहेत. घर घेणे हा चळवळीचा विषय नाही." मी त्यांना आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले खैरलांजी आठवायला सांगितले. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातले चार जीव गेले. त्याआधी काय घडत होते? त्यांची शेतजमीन होती, त्यातून रस्ता हवा होता, आणि त्यांना गावात पक्के घर बांधू दिले जात नव्हते. झोपडीतच राहा, हा गावाचा हुकूम होता. पक्की भिंत गावाला का खुपत होती, याचे उत्तर शोधले की घर हा चळवळीचा विषय आहे की नाही हे कळते.

आणि ज्यांना विकत घेणे शक्यच नाही त्यांचे काय? रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना ग्रामीण भागात घरकुलासाठी १ लाख ३२ हजार, नक्षलग्रस्त आणि डोंगराळ भागात १ लाख ४२ हजार हा अनुदानाचा मूळ आकडा. पण अर्जासोबत जागेचा कागद लागतो. ज्याचे घर गायरानावर किंवा झुडपीवर आहे तो इथेच गळतो. घर सर्वात जास्त ज्याला हवे तोच यादीबाहेर. शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला आहे, वनजमीन त्यातून वगळून. जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे. योजनेच्या नावावरून नाक मुरडू नका, पैसा आपल्याच कराचा आहे. किती गावांत आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून ही प्रकरणे लावून धरली? चौदा एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीला घरोघर फिरणारी मंडळे पट्ट्याच्या तारखा गोळा करायला कधी फिरली?

त्या मुलाचे पुढे असे झाले. वकिलाची नोटीस गेली, पोलिसांत तक्रारीचा मसुदा तयार ठेवला, आणि विहारातले आम्ही सहा-सात जण त्या विक्रेत्याच्या घरी शांतपणे जाऊन बसलो. त्याने दीड लाख परत केले आणि उरलेल्या तीन लाखांचे धनादेश लिहून दिले. पहिला वटला, दुसरा परत आला. मुलगा अजून भाड्याच्या खोलीत राहतो. आमच्यातले एक सेवानिवृत्त पटवारी दर रविवारी धम्मवंदनेनंतर विहाराच्या व्हरांड्यात चष्मा लावून बसतात. मागच्या रविवारी अकरा जण आपापले उतारे घेऊन आले होते. त्यातले चार वर्ग-२ निघाले आणि एक झुडपी.